फोटोतले हात

"दिन्या, आधी हात पूस, मग हात लाव. देवाशेजारून उचलून आणलाय," म्हणत मुबश्शिरने जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम काउंटरवर ठेवली.

दिनेश त्या वेळी एका बाईचे पासपोर्टचे आठ फोटो कापत होता. त्याने ते कापले, पाकिटात घातले, बाईच्या हातात दिले, आणि मगच लुगड्याची गाठ सोडली. तीही अर्धीच. फौजी टोपी आणि कपाळ दिसलं, तेवढ्यावर त्याने कापड पुन्हा वर ओढलं.

"पूर्ण बघ की!"

"काय बघायचंय? मीच केलाय तो."

"म्हणून तर तुझ्याकडे आणला. पंचवीस वर्षं चुलीच्या धुरात टांगलाय यार. पिवळा पडलाय, खाली काचेवर बुरशी धरलीय. सावळ्याला एकदम नवा करून दे. मोठा. शैलेशच्या फोटोच्या मापाचा. दोघं शेजारीशेजारी ठेवायचे."

"शैलेशचा कुठाय?"

"काशीमावशी पोराचा फोटो देत नाही. म्हणाली, तो माझेबरोबर येल, तुझे गाडीत न्हाय. मी म्हटलं, मावशी, एसी गाडी आहे. तर म्हणाली, मग तूच बस तीत."

मुबश्शिर स्वतःच हसला. एके काळी भिवंडीत त्याच्या वडिलांचे कापडाचे चोवीस लूम होते. आता लूम भंगारात गेले होते आणि मुबश्शिर काल्हेरच्या गोदामांना माल वाहायच्या गाड्या पुरवत होता. सरकारी कचेरीत मराठी लागते, एवढ्याच हिशेबाने वडिलांनी त्याला मराठी शाळेत घातला, आणि दिनेशच्या चौऱ्याण्णव सालच्या दहावीच्या वर्गाला एक हौशी कार्यकर्ता मिळाला. त्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तोच चालवायचा, सहलीही तोच काढायचा. शैलेश आणि सावळ्या यांच्यासाठी शाळेत काहीतरी करायचं, हेही त्याचंच. वर्गातले दोघे जण फौजेत गेले होते आणि कारगिलच्या त्या उन्हाळ्यात दोघेही गेले. शैलेश जूनमध्ये, डोंगरावर चढताना. सावळ्या जुलैत, तो दारूगोळ्याची गाडी चालवायचा, ती गाडी दरीत गेली.

"पुढच्या रविवारी सकाळी अकराला," मुबश्शिर म्हणाला. "विसरू नको. तबला तुझाच आहे."

तो गेल्यावर दिनेशने फ्रेम उचलली आणि खालच्या खणात उपडी ठेवली.

*

कार्यक्रमात भाषणं असणार नव्हती. ती मनिषाची अट होती. मनिषाही त्याच वर्गातली. आता पंचक्रोशीत मनिषाताई म्हणून तिची कीर्तनं होत. एकादशीला, रामनवमीला, कुणाच्या दशक्रियेला सुद्धा लोक तिला बोलावत. स्कूटरच्या पुढच्या जागेत झांजांची पिशवी ठेवून ती भर उन्हात वाडे-पाडे हिंडायची. दिनेश गेली पंधरा वर्षं तिच्या मागे तबल्याला बसत होता.

"शाल, नारळ आणि भाषण असेल तर मला बोलावू नका," तिने मुबश्शिरला सांगितलं होतं. "कीर्तन करू. माइकसमोर कुणीही काहीही बोलतो. नारदाच्या गादीवर उभं राहिलं की माणसाला खरं बोलावं लागतं."

हे तिने सगळ्यांसमोर, अगदी सहज म्हटलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दिनेशनेही डोलावली. कीर्तनकार जिथे उभा राहतो त्या चार हात जागेला तो लहानपणापासून मानत आला होता. सतरंजी घालताना त्या जागी तो कधी चप्पल घालून गेला नव्हता. आता त्याच जागेला लागून ते दोन फोटो ठेवायचे होते.

दोन फोटो, पण वर्दी एकच. ही गोष्ट जगात फक्त दिनेशला माहीत होती.

*

नव्याण्णवमध्ये स्टुडिओ त्याच्या वडिलांचा होता. दिनेश एकवीस वर्षांचा होता आणि मागच्या डार्करूममध्ये काम करायचा. शैलेशच्या वडिलांनी एक पोस्टकार्डाएवढा फोटो मोठा करायला आणून दिला होता. ट्रेनिंग संपल्यावर शैलेशने तो घरी पाठवला होता. मागे निळा पडदा, स्टुलावर बसलेला शैलेश, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. उजव्या हाताची करंगळी किंचित बाहेर वळलेली.

"चेहरा मोठा पायजे," त्याचे वडील म्हणाले होते. "दारातून आत शिरताना दिसला पायजे."

तेव्हा दिनेशने छातीपर्यंतचाच भाग मोठा केला. तो कामतघरच्या चाळीत दारासमोरच्या भिंतीवर लागला, आणि छोटा फोटो कागदपत्रांबरोबर पत्र्याच्या पेटीत गेला.

पुढच्याच महिन्यात सावळ्याची आई आली. वज्रेश्वरीच्या पुढे डोंगरात त्यांचा पाडा. सातवीपर्यंत तिकडच्या आश्रमशाळेत शिकून सावळ्या भिवंडीच्या वसतिगृहात आला होता. तिच्या हातात त्याचं दहावीचं हॉलतिकीट होतं. घरात त्याचा तेवढाच एक फोटो. शाळेचा पांढरा सदरा, तेल लावून बसवलेले केस. शवपेटी आली होती, पण ती उघडू दिली नव्हती.

"शालंच्या कपड्यात नको," ती म्हणाली होती. "लोक मना इचारतात, फौजंत होता सांगतेस, तर त्याचं कपडं कुठं हायेत?"

वडील त्या दिवशी दुकानात नव्हते. असते तर त्यांनी नाही म्हटलं असतं, किंवा भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतला कोट लावून देतो म्हटलं असतं. दिनेशने हो म्हटलं. शैलेशचा फोटो मोठा करताना काढलेली निगेटिव्ह टेबलावरच होती. त्याने तिचा पुन्हा प्रिंट काढला, टोपी तशीच ठेवून ब्लेडने खालचा चेहरा मानेपर्यंत कापला, त्या जागी हॉलतिकिटावरचा चेहरा मोठा करून बसवला, जोड ब्रशने भरला, छातीवरची नावाची पट्टी पुसली. हात सावळ्याच्या मानाने उजळ दिसत होते, ते त्याने जरा गडद केले. सगळं पुन्हा फोटो काढून एकसंध केलं. करंगळी सरळ करता आली असती. ती केली नाही. का, ते त्याला आजही सांगता आलं नसतं.

काम चांगलं झालं होतं. सावळ्याच्या आईने फोटो बघितला, काचेवरून हात फिरवला, आणि फ्रेम डोक्यावर घेऊन एसटी स्टँडकडे चालत गेली. एक भिंत कामतघरात, दुसरी डोंगरात. त्या दोन भिंती कधी समोरासमोर येतील, असं त्याला वाटायचं कारण नव्हतं.

चूक झाली ती एवढीच असती तर दिनेश कदाचित विसरला असता. पण पुढे दोन हजार पाचच्या पुरात कामतघरच्या चाळीत छातीएवढं पाणी भरलं. भिंतीवरचा मोठा फोटो उंचावर होता म्हणून वाचला. पत्र्याच्या पेटीतल्या कागदांचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर काशीबाई, शैलेशची आई, चिखलाच्या पायांनी स्टुडिओत आली होती.

"हातांचा फोटू हाय का रं तुझेकडं? त्याचे हात दिसायचे त्यात. एखादा राह्यला असंल तर बग."

निगेटिव्ह तेव्हा उरल्या नव्हत्या. डिजिटल आल्यावर फिल्ममधली चांदी काढणाऱ्या लोकांना वडिलांनी त्या पोत्याने विकल्या होत्या. पण शैलेशचे हात कुठे आहेत ते दिनेशला ठाऊक होतं. डोंगरातल्या एका घरात, दुसऱ्याच्या चेहऱ्याखाली.

"नाही, मावशी," तो म्हणाला होता.

ती "बरं" म्हणाली आणि गेली. त्यानंतर वर्षानुवर्षं ती त्याला बाजारात दिसे, देवळात दिसे, कीर्तनाला बायकांत पुढे बसलेली दिसे. कधी प्रसाद घेताना म्हणे, "आज तबला बरा वाजवलास." दिनेश खाली बघत असे.

*

त्या आठवड्यात त्याने दुकानातलं रोजचं काम केलं. आधारचे फोटो, शाळेच्या अर्जांचे फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. हल्ली फोटो काढायला येणाऱ्यांपेक्षा मोबाइलमधला फोटो छापायला येणारेच जास्त. शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्याने खण उघडला. काचेच्या खालच्या भागावर, उजव्या मनगटापाशी, कसलेसे पांढुरके वाळके डाग एकावर एक बसले होते. ती मुबश्शिरची बुरशी. ओल्या फडक्याने घासून त्याने ती साफ केली. मग फोटो स्कॅन केला.

आता ब्लेड लागत नव्हतं. कॉम्प्युटरवर दुसरी वर्दी शोधून त्याने ती सावळ्याच्या मानेखाली बसवली. कॉलर वेगळी, खांदे वेगळे, मागचा रंग वेगळा. छातीपर्यंतच ठेवली. हात आले असते तर पुन्हा कुणाचे तरी हात आले असते. अर्ध्या तासात काम झालं. पूर्वीच्या चार दिवसांच्या कामापेक्षा ते साफ होतं. सोनेरी फ्रेममध्ये घातल्यावर तर कुणीही म्हणालं असतं, छान झालाय. आता हा शैलेशच्या फोटोशेजारी ठेवला तर कुणाला काही कळणार नव्हतं.

शनिवारी मनिषाचा फोन आला. "फोटो झाले?"

"झाले."

"आवाज का असा येतोय?"

"खोकला आहे जरा."

"सुंठ चघळ. उद्या तबल्यापेक्षा खोकला जास्त ऐकू यायचा."

*

रविवारी नऊ वाजता त्याने शटर वर केलं तेव्हा पायरीवर सखी बसलेली होती. सावळ्याची धाकटी बहीण. भाऊ गेला तेव्हा सतराची होती. आता चाळिशी उलटली होती. शेती थोडी, बाकी मजुरी. पहिल्या एसटीने आली होती.

"मुबश्शिरभाऊ गाडी पाठवनार होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, आधी फोटू बगते. रिकामा खिळा बगवत न्हाय घरात."

दिनेशने सोनेरी फ्रेम पुढे केली. सखीने ती दोन्ही हातांत धरली. बराच वेळ बघितली. मग फ्रेम जराशी वर उचलून तिने खालच्या कडेच्या मागे बघितलं, पोत्याखाली काही राहिलंय का बघावं तसं.

"तोंड त्याचाच हाय," ती म्हणाली. "हात कुठं गेले?"

"नव्या पद्धतीत इथपर्यंतच असतो फोटो."

"मग राखी कुठं बांधू?"

दिनेशला कळलं नाही.

"आमचे पाड्यावर राखी नव्हती. सावळ्यानेच आनली, शालंत बगून. मना बोलला, तू बांध, मी तुना काय तरी देन. मग फौजंत गेला. मग…" तिने पदराने उगाच काच पुसली. "दर वर्साला मी काचेवर बांधते. म्हंजी शितानं चिकटवते. भाताच्या. हातावर, इथं."

तिने स्वतःचं उजवं मनगट दाखवलं. दिनेशला ते पांढुरके डाग आठवले. पंचवीस राख्यांचं भाताचं शीत त्याने शुक्रवारी ओल्या फडक्याने पुसून काढलं होतं.

तो खाली बसला. खण उघडला आणि जुनी फ्रेम बाहेर काढून काउंटरवर ठेवली.

"हा हाय की!" सखी म्हणाली.

"सखी, हे हात सावळ्याचे नाहीत."

त्याने सगळं सांगितलं. हॉलतिकीट, निगेटिव्ह, ब्लेड. एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता आलं नाही. पुराच्या वर्षाचंही सांगितलं. सखी ऐकत होती आणि फोटोकडे बघत होती. बाहेर कुणीतरी झेरॉक्सला आलं, शटर अर्धं बघून परत गेलं.

"आयेला हात बगून बरा वाटला होता," ती म्हणाली. "आमचे हात बग, काड्या. सावळ्याचे पन तसेच होते. आय बोलली, पोराचे हात कसे भरलेत, तिकडं खावाला भेटतं. मरताना पन तेच बोलली. एक पोर तरी पोटभर खाऊन गेलं."

दिनेशने सोनेरी फ्रेम तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवली.

"मग तो खात होता का न्हाय?"

"पलटणीत जेवण चांगलं असतं," दिनेश म्हणाला. "दोन्ही वेळ. शैलेश लिहायचा पत्रात. पोटभर देतात."

"खरा?"

"हे खरं आहे."

तिने मान हलवली. ती विश्वासाची होती की नव्हती, ते समजलं नाही. मग तिने विचारलं, "हे हात ज्याचे, त्याची आय हाय?"

"आहे. आज येणार आहे."

"तिला ठाव हाय?"

"नाही."

सखीने जुनी फ्रेम लुगड्यात गुंडाळली आणि काखोटीला मारली. सोनेरी फ्रेमकडे तिने वळूनही बघितलं नाही. "चल," ती म्हणाली. "तू सांगतोस का मी सांगू?"

*

शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. दहावीच्या वर्गात कीर्तनाची मंडळी थांबली होती. मनिषा नऊवारी सावरत पेटीवाल्याकडून सूर घेत होती. काशीबाई पहिल्या बाकावर, मांडीवर फ्रेम उभी धरून बसली होती. मुबश्शिर थर्मासमधून चहा ओतत होता.

"आला तबलजी! आणि ही बघ मावशी, सावळ्याची बहीण."

काशीबाईने सखीला जवळ बसवून घेतलं. "चाय घे, बाय. एवढे लांबशी आलीस."

दिनेश उभाच राहिला. बसला असता तर त्याला बोलता आलं नसतं.

"मावशी, पुराच्या वर्षी तुम्ही हातांचा फोटो मागायला आला होतात. मी नाही म्हणालो. तो होता."

"कुठं हाय?"

सखीने लुगडं सोडलं. काशीबाईने पिशवीतून चष्मा काढला, एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती ती कानात अडकवली, आणि वाकली. चेहरा तिने बघितलाच नाही. सरळ खाली बघितलं. पेटीचा सूर थांबला होता. आपल्या मांडीवरच्या फोटोची कॉलर, या फोटोची कॉलर, खांद्यावरची तीच घडी, हे सगळं तिने एकदा बघून घेतलं.

"माझे पोऱ्याचा धड कापून लावलास?"

"हो."

"त्याला पुरून महिना न्हाय झाला तवा?"

आगऱ्यांत दहन करतात हे दिनेशला माहीत होतं, तिलाही. पण ती तसंच म्हणाली आणि कुणी दुरुस्त केलं नाही.

"मावशी, तेव्हा पोरगा होता तो पण," मुबश्शिर म्हणाला. "एकवीस वर्षांचा. अक्कल नसते…"

"शैलेश पन एकवीसचाच होता. तू चाय वाट."

मुबश्शिर चहा वाटायला लागला. चार जणांना त्याने दोनदा दिला.

"आनि मी दारात आली तवा?" काशीबाई दिनेशला म्हणाली. "तवा तर तू बाप झालेला. तवा अक्कल आली नव्हती?"

दिनेश खाली वाकून तिच्या पायांना हात लावायला गेला, तर तिने पाय बाकाखाली ओढून घेतले.

मग ती पुन्हा फोटोकडे वळली. काचेवर बोट ठेवून तिने करंगळी दाखवली. कुणाला, ते सांगता येत नव्हतं, पण ऐकत होती सखी.

"अकरा वर्साचा होता. सुट्टीत कारखान्यान जायचा, माझे भावाबरोबर. लूमचा धोटा उडाला नि बोटावर बसला. दोन दिस मना सांगला न्हाय. डाव्या हातानं जेवाला बसला. मी थोबाडीत मारली, डाव्या हातानं जेवतोस म्हनून. तवा पन बोलला न्हाय."

"आमचा पन असाच," सखी म्हणाली. "बोलायचाच न्हाय."

"राखी बांधायचीस म्हनं ह्याला?"

दिनेशने ते मघाशी सांगितलं नव्हतं. सखी चहा घेताना हळूच बोलली असावी.

"दर वर्साला. मना वाटायचं, सावळ्याच हाय."

"त्याला बहीन नव्हती," काशीबाई म्हणाली. "शेजारची पोरगी बांधायची. दोन वर्सं बांधली, मग तिचं लगीन झालं."

घड्याळात अकराला पाच कमी होते. मनिषा उठली. कपाळाचं कुंकू, गळ्यातली माळ सगळं ठीक होतं, तरी एकदा हात लावून बघितलं. "मावशी, फोटो गादीशेजारी ठेवायचे आहेत. काय करायचं, ते मी ठरवणार नाही. दिनेशनेही ठरवू नये."

काशीबाईने चष्मा काढला. चष्म्याच्या काचा पुसत ती म्हणाली, "दोनी ठेव."

*

गर्दी बरी होती. जुने दोन शिक्षक आले होते, वर्गातले तीसेक जण, त्यांच्या बायका, काही जणांची कंटाळलेली मुलं. पहिल्या रांगेत बसलेल्या एकाने चष्मा वर-खाली केला आणि मुबश्शिरच्या कानाशी लागला, "दोघांची वर्दी अगदी सेम टू सेम आहे रे."

"फौज आहे ती. मॅचिंग सेंटर नाही," मुबश्शिर म्हणाला. "सगळ्यांना एकच कपडा देतात."

पूर्वरंग मनिषाने साधा ठेवला. देह कशासाठी मिळतो आणि कशासाठी ठेवायचा असतो, एवढंच. ज्यांनी शंभर कीर्तनं ऐकली आहेत त्यांना नवं काही नव्हतं, पण कीर्तनाला लोक नव्यासाठी जात नाहीत. तिच्या आवाजात आज कणसूर एकदाच लागला आणि तिने तो झाकला नाही. दिनेशचा हात सुरुवातीला दोनदा समेवर उशिरा पडला. मनिषाने झांजा जरा जोरात वाजवून त्याला धरून घेतलं.

मध्यंतराच्या गजरात बुक्क्याचं ताट फिरलं. कीर्तनकाराला हार घालून झाल्यावर काशीबाई उठली. तिने शैलेशच्या कपाळावर काचेवरून बुक्का लावला. मग सावळ्याच्या कपाळावर लावला. मग हातांच्या समोर ती थोडा वेळ थांबली. बोटाला अजून बुक्का होता. तो तिने स्वतःच्या कपाळाला पुसला आणि जागेवर येऊन बसली.

उत्तररंगात मनिषाने त्या दोघांचं सांगितलं. शैलेशने गणिताच्या तासाला खिडकीतून उडी मारली आणि खाली हेडसर उभे होते, ते. सावळ्या वसतिगृहातून अनवाणी शाळेत यायचा आणि मैदानावर सगळ्यांच्या पुढे पळायचा, ते. एकाने डोंगर चढताना काय पाहिलं असेल आणि दुसऱ्याने गाडीच्या काचेतून काय पाहिलं असेल, हे मला माहीत नाही, म्हणून मी सांगणार नाही, असंही ती म्हणाली. फोटोंबद्दल ती काही बोलली नाही. एक देह, दोन चेहरे. दुसऱ्या कुणा कीर्तनकाराने त्यावर तासभर आख्यान रंगवलं असतं. इतकं तयार हातात आलेलं तिने सोडून दिलं. दिनेशने पंधरा वर्षांत तिची पुष्कळ कीर्तनं ऐकली होती. हे त्याला सर्वांत मोठं वाटलं.

आरती झाली, प्रसाद वाटला, लोक फोटोंसमोर वाकून गेले. सतरंज्या गोळा होऊ लागल्या तेव्हा दिनेश काशीबाईजवळ आला. ती शैलेशची फ्रेम फडक्यात गुंडाळत होती.

"मावशी, आता कॉम्प्युटरवर सगळं होतं. ते हात काढून शैलेशच्या फोटोला जोडून देतो. पूर्वी होता तसा. सावळ्याचा फोटोही तसाच राहील, त्याला धक्का लागणार नाही. दोन दिवसांत देतो."

"काय करशील?"

"हात तेवढे घेऊन…"

"पुन्ना कापशील."

"कॉम्प्युटरवर, मावशी. खरं नाही."

"नको." तिने फडक्याला गाठ मारली, ती घट्ट बसली का ते ओढून बघितलं. "एकदा कापलास तेवढा पुरे झाला. तिकडं राहू दे हात. तिला लागतात."

तो उभा राहिला. ती फ्रेम उचलायला वाकली, तेव्हा त्याने ती उचलून तिच्या हातात दिली. ती तिने घेतली.

"पुरात आली तवा सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मी तिकडं जाऊन बगून आली असती. वज्रेश्वरी काय लांब हाय?"

फाटकापाशी मुबश्शिर गाडीचं दार उघडून उभा होता. सखीला तो थेट पाड्यापर्यंत सोडणार होता. पण सखी म्हणाली, परतीचं तिकीट काढलंय, एसटीनेच जाते. काशीबाई म्हणाली, मी हिला स्टँडपर्यंत पोचवते. मग मुबश्शिरने कपाळावर हात मारला आणि रिक्षा थांबवली.

दोघी आत बसल्या. गुंडाळलेली फ्रेम काशीबाईने पायाशी उभी केली. सावळ्याची फ्रेम दोघींच्या मांडीवर आडवी होती, तिचं लुगडं सुटलेलं होतं. शाळेसमोर रस्ता खोदून ठेवला होता. रिक्षा खड्ड्यातून हेलकावे खात निघाली, तशी काच वाजायला लागली. दिनेश फाटकात उभा राहून बघत होता. काशीबाईने काच वाजू नये म्हणून तिच्यावर आपला पंजा पालथा दाबून धरला, आणि रिक्षा वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो तिने उचलला नाही.